छत्तीस रुपयांसाठी रात्रीचे आठ

पत्र :
"ताई, मी सेलूची. वय ३६, बीकॉम. नऊ वर्षांपासून इथल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. पगार साडेअकरा हजार, तोही कधी दहा तारखेला तर कधी वीस. मिस्टर जिनिंगमध्ये आहेत, पण ते काम कापसाच्या हंगामापुरतं. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. आजवर मी पार्लरचा कोर्स केला, केकचा क्लास केला, आरी वर्क शिकले, रेसिपीचं यूट्यूब चॅनेलही काढलं. सगळं दोन-चार महिन्यांत सुटलं. सासूबाई म्हणतात, 'हिचे नव्याचे नऊ दिवस.' मोबाईलवर रोज कुणीतरी सांगतं की तुमची पॅशन ओळखा, बाकी आपोआप होतं. मला माझी पॅशनच सापडंना. नोकरी सोडली तर डोकं मोकळं होऊन सापडेल असं वाटतं. सोडू का?"

उत्तर :

अगं, तुझं पत्र अकरा पानांचं होतं. वर छापलंय ते गाळून उरलेलं. मी मात्र अकराही पानं वाचली, दोनदा. माझं उत्तर आहे ते सहाव्या आणि सातव्या पानाला.

आधी नोकरीचं उरकते. सोडू नकोस. लेक नववीत आहे, म्हणजे दोन वर्षांत घरात लातूरची भाषा सुरू होईल: हॉस्टेल, मेस, ट्यूशन. उन्हाळ्यात जिनिंग थंडावली की घरात येणारा नेमका आकडा तुझाच असतो. किराणावाल्याची उधारी डोक्यावर घेऊन कुणाचं डोकं मोकळं झालेलं मी पाहिलं नाही. मोबाईलवर "मी सगळं सोडलं आणि स्वतःला शोधलं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या मागं वडिलांचं घर असतं, ते कॅमेऱ्यात येत नाही इतकंच.

आता सहावं पान. नोकरीला आपण किती विटलोय याचा पुरावा म्हणून तू एक संध्याकाळ लिहिलीयस. मार्चअखेर, रोकड मोजली तर छत्तीस रुपये कमी. कॅशियर म्हणाला, "सोडा मॅडम, माझ्या खिशातून टाकतो." तू टाकू दिले नाहीत. दिवसभराच्या पावत्या पुन्हा काढून बसलीस. घरून तीन फोन आले, तू एकही उचलला नाहीस. मग तुझ्या लक्षात आलं की छत्तीसला नऊनं भाग जातो, म्हणजे कुठंतरी आकडे उलटे पडले असावेत; शेजारचे दोन आकडे उलटले की फरकाला नऊनं भाग जातोच. पुढं वीस मिनिटांत तुला ती पावती सापडली. एका कर्जखात्यावर १४८ रुपये व्याज घेतलेलं आणि नोंद १८४ ची. रात्रीचे आठ वाजले होते. त्यापुढं तू लिहितेस, "घरी येऊन बोलणी खाल्ली, पण त्या रात्री झोप फार छान लागली."

हे तू दीड पान लिहिलंयस. पार्लरला साडेतीन ओळी आहेत. यूट्यूबला दोन, त्यातली एक सबस्क्रायबर किती झाले याची.

सातव्या पानावर केकचा क्लास आहे. बाकीच्या बाया फुलं काढायला शिकत होत्या तेव्हा तू वहीत हिशोब मांडत होतीस. अर्ध्या किलोच्या केकला मॅडमनी १४० रुपये खर्च सांगितला. तू गॅस, खोका आणि खालचा पुठ्ठा धरून १८५ काढलास आणि भर क्लासात सांगितलंस. मॅडम रुसल्या. आणखी तीन आठवड्यांनी क्लास सुटला. कारण म्हणून तू लिहिलंयस, "क्रीममध्ये जीव रमंना." रमणार कसा? जीव तर त्या वहीत रमला होता.

मग मी पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि तुझ्या नोकरीबद्दलच्या तक्रारी मोजल्या. आठ भरल्या. चेअरमनचा भाचा काल आला आणि वरच्या खुर्चीवर बसला. चहा तूच करायचा. पगार उशिरा. ठेवीदार चिडून आला की पुढं तुला करायचं. पंखा बंद. बायकांना वेगळं बाथरूम नाही. उरलेल्या दोन छापण्यासारख्या नाहीत. यात खतावणी कुठं आहे? ताळेबंद कुठं आहे? हिशोबाच्या कामाला तू एकदाही नाव ठेवलेलं नाहीस. तू विटलीयस त्या जागेला, तिथल्या माणसांना. ते खरंय आणि त्याचंही काही करावं लागेल. पण जागेचा राग कामावर काढून तू पार्लर, केक अशी हिंडत राहिलीस, असं मला वाटतं. चुकतही असेन. अकरा पानांवरून माणूस पुरता कळत नाही.

तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पॅशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गाणं येतं, चित्र येतं, गेला बाजार एखादं कॅफे येतं. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द येत नाही. याला थोडा दोष शब्दाचाही आहे. मराठीत हौस आहे, ती लग्नकार्यात करायची असते. छंद आहे, तो शाळेच्या निबंधात असतो. खरा जवळचा शब्द 'नाद', पण आपल्याकडं "त्याला नाद लागला" म्हटलं की ऐकणारा आधी पत्ते, बाटली असलंच काहीतरी धरतो. मला तरी हाच शब्द बरा वाटतो, कारण नाद लागतो. तो कुठं पडलेला नसतो की जाऊन उचलावा. एखाद्या कामाजवळ बराच वेळ बसलं तर तो लागतो, आणि कधी बसूनही लागत नाही.

'सापडणं' या शब्दानंच मोठा घोळ घातलाय. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचं २०१८ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरचा सोपा, रंजक व्हिडिओ दाखवला. तो बहुतेकांना आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. आवड ही आत आधीपासून तयार असते, ती फक्त सापडायची बाकी असते, असं ज्यांना वाटत होतं त्यांचा उत्साह जास्त उतरला. आवड हळूहळू घडते असं मानणारे त्यामानानं टिकले. मला हे वाचून तुझा आरी वर्कचा क्लास आठवला. पहिलं फूल जमलं तेव्हा तुला वाटलं, हीच ती. पाठीला रग लागली तेव्हा वाटलं, ही ती नव्हेच.

पाठीला रग प्रत्येकच कामात लागते. म्हणून मी "तुला काय आवडतं?" असं विचारतच नाही. त्याला "मला फिरायला आवडतं" असली उत्तरं येतात. मी विचारते, कोणत्या कामातला कंटाळा तुला चालतो? सगळ्या पावत्या पहिल्यापासून पुन्हा बघणं हा शुद्ध कंटाळा आहे. तू तो आपण होऊन ओढवून घेतलास, आणि कॅशियर खिशात हात घालून तुला सुटका द्यायला उभा होता.

माझं सांगते, आता विषय निघालाच आहे तर. मी एकेचाळीसची होते, शाळेत गणित शिकवायचे. वडील गेल्यावर ट्रंकेत जमिनीचे कागद निघाले, निजामाच्या काळातले, उर्दूत. गावात वाचणारा कुणी उरला नव्हता. त्या कागदांवर आजोबांचं नाव कुठंय एवढंच मला बघायचं होतं. उर्दू शाळेतल्या एका निवृत्त सरांकडं जायला लागले, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी. पाच महिन्यांत छापील वाचता यायला लागलं आणि मी हवेत. मग सरांनी ट्रंकेतला कागद समोर ठेवला. एक ओळ वाचता येईना. कारकुनी हात, शिकस्ता म्हणतात त्याला. अक्षरं एकात एक घुसलेली, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गाळलेली. आता 'बे' आणि 'ते'मधला फरकच मुळी नुक्त्याचा. नुक्ता नसेल तर नुसता अंदाज. सहा महिने मी अंदाजच करत होते. घरी विचारायचे, याचा पगार वाढतो का? नाही वाढत. मग कशाला? मला सांगता यायचं नाही. रोज रात्री भांडी आवरली की अर्धा तास एक ओळ घेऊन बसायचे. कित्येकदा त्या ओळीत शेवटी निघायचं काय, तर सर्व्हे नंबर आणि बांधाची दिशा. त्यात कसला आनंद? पण ओळ सुटली की मी उठून घरभर फिरायचे.

आजोबांचं नाव दुसऱ्या वर्षी सापडलं. तोवर ते नुसतं निमित्त उरलं होतं. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध झाली, आणि लोक कागद घेऊन माझ्याही ओट्यावर यायला लागले. हे मी शिकायला बसले तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. उद्या मागणी येईल म्हणून शिकले असते तर शिकस्त्यापाशीच सोडून दिलं असतं.

आपल्या बीड जिल्ह्यातलं उदाहरण घे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे. बारावीनंतर तो फौजेत गेला, पोटासाठी, जशी त्या भागातली कितीतरी पोरं जातात. सियाचीनलाही राहिला. स्पर्धेचं धावणं लागलं ते फौजेत, आणि स्टीपलचेस त्याच्याही नंतर. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या पोरानं आधी घरी बसून स्वतःची पॅशन शोधली असती तर त्याला 'स्टीपलचेस' हे उत्तर मिळालंच नसतं. आष्टीत तो शब्द कुणाला माहीत होता? नोकरीनं त्याला त्या मैदानाजवळ नेऊन उभं केलं.

किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन ये. लेकरांना घेऊन जा, सेलूहून लांब पडेल पण जा. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी टिपणात त्याचं नाव आहे आणि रोमशी व्यापार चालायचा. तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं ते त्याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. गावातल्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती पावसानं धुपली की असल्या वस्तू वर येतात, आणि बाकीच्यांच्या लेखी ती खापरं असतात. एक माणूस ती हजारोंनी साठवत राहिला. आता त्या काचेच्या पेट्यांपुढं उभी राहा आणि किती पावसाळे लागले असतील याचा हिशोब कर. तुला तर तेही जमेल.

बरं, मग तू काय करायचंस?

एक वर्ष कोणताही नवा क्लास लावायचा नाही. हे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगते.

तुझ्या गल्लीत किंवा माहेरी एखादा बचत गट असेलच. गटांना पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पहिल्या चार कशाबशा चालतात, पाचवीचं घोडं अडतं. वह्या तीन-तीन महिने मागं, कुणाची बचत कुणाच्या नावावर, व्याज तोंडी. अशा एका गटाच्या वह्या हातात घे आणि दिवाळीपर्यंत त्या जुळवून दे. पैसे घेऊ नकोस. चांगुलपणासाठी म्हणत नाहीये. पैसे घेतलेस की तू परत नोकरी करायला लागशील आणि मग तुला काय वाटतंय ते कळणार नाही. इथं चेअरमन नाही, भाचा नाही, चहा झालाच तर त्या बाया तुला करून देतील. नुसतं काम उरेल. तिसऱ्या आठवड्यात पावत्या सापडणार नाहीत, एकीला काही आठवणार नाही, दुसरी भांडेल. तेव्हाही जर संध्याकाळी तुझे पाय तिकडं वळत असतील तर पुढचं वाच. नसतील तर माझा अंदाज फसला असं समज आणि मला तसं खडसावून लिही.

पुढचं असं. राज्याच्या सहकार खात्याची दरवर्षी एक परीक्षा असते, जी. डी. सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेख्यांची सरकारी पदविका. तुझ्या संस्थेत कुणी ना कुणी ती दिलेली असेल, निदान नाव तरी ऐकलं असशील. पदवीधराला देता येते, सहा पेपर असतात: हिशोब, लेखापरीक्षण, सहकार कायदा असे विषय. बीकॉम आणि नऊ वर्षं पतसंस्थेच्या टेबलावर बसलेल्या बाईला यातलं निम्मं हाताखालचं आहे. पास झालं म्हणजे लगेच लेखापरीक्षक झालं असं नाही. अनुभव लागतो, खात्याच्या नामतालिकेवर नाव यावं लागतं, वर्षं जातात. जाऊ देत. ती वर्षं तशीही जाणारच आहेत, पगार चालू असताना गेलेली बरी.

हे काम छोटं समजू नकोस. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात मल्टिस्टेट आणि पतसंस्था बुडून किती घरांची लग्नं अडली, ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. तिथं ठेवीदाराला राखणारं जे थोडंफार असतं त्यात एक म्हणजे छत्तीस रुपये सोडून न देणारं माणूस. अशी माणसं दोन मिळाली असती तरी कुठंतरी वेळेत बोंब झाली असती.

पण हेही ऐक, कारण हे तुला कुणी सांगणार नाही. छत्तीस रुपये सापडले तेव्हा सगळे हसले. उद्या छत्तीस हजार सापडतील आणि ती चूक नसेल, तेव्हा कुणी हसणार नाही. सेलू केवढं आहे? भाजीला गेलं तरी चेअरमनची मंडळी भेटतात. म्हणून आत्तापासून दोन सवयी लाव. स्वतः तपासलं नाही त्या कागदावर सही नाही, कुणीही कितीही घाईत असो. आणि शंका आली की तारीख घालून स्वतःच्या वहीत लिहून ठेव, चारचौघांत बोलू नकोस. नादापायी माणसांशी छत्तीसचा आकडा होतो तो असा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना टोमणा मारायला तूच दारूगोळा पुरवलायस. प्रत्येक वेळी गल्लीभर पेढे वाटून सुरुवात केलीस. या वेळी काही सांगू नकोस. पहाटे एक तास पुस्तक उघडून बस, विचारलं तर "ऑफिसचं काम आहे" म्हण, आणि ते खोटंही नाही. मिस्टरांना मात्र सांग. मार्चनंतर त्यांचं काम कमी झालं की संध्याकाळच्या भाकरी त्यांच्याकडं दे. हसू नकोस, आमच्याकडं माझ्या उर्दूच्या दिवशी खिचडी मालकच लावायचे. पहिले दोन महिने करपलेली खाल्ली आम्ही.

तुझ्या शेवटच्या ओळीत तू विचारलंयस की माळ्यावर कव्हर घालून ठेवलेला ओव्हन बघितला की पोटात कालवतं, त्याचं काय करू. विकून टाक. कितीला घेतला होता, किती वर्षं वापरला आणि आता किती यायला पाहिजेत ते तू काढशीलच. गिऱ्हाईक मिळालं नाही तर कळव. माझ्या धाकट्या जावेला हवाय, पण घासाघीस फार करते ती, आकड्यावर ठाम राहा.

तुझी,
ताई